बाईंच्या पेनाचं टोपण

एर्मेस झुफाला अख्खा विभाग नकोबा म्हणायचा. तोंडावर म्हणायचा, आणि त्याला ते आवडायचं.

आमच्याकडे तोंडी परीक्षा संपली की प्राध्यापक आकडा सांगतात आणि विचारतात, "स्वीकारता?" तीसपैकी अठरा मिळाले की पास. आकडा पसंत नसेल तर "नको" म्हणायचं, उठायचं आणि पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून बसायचं. शहाणी माणसं हा हक्क आयुष्यात एखाददुसऱ्या वेळी वापरतात. एर्मेसने त्याचं व्रत घेतलं होतं. विषय एकच, "मजकूर आणि चित्र यांची चिन्हमीमांसा". जाहिरात, पोस्टर, डब्यावरचं लेबल, बातमी आणि तिच्या शेजारचा फोटो, हे नुसतं बघायचं नाही, ते आपल्याला काय बघायला लावतंय ते बघायचं, असा तो विषय. त्यात त्याने सव्वीस नाकारले, सत्तावीस नाकारले, अठ्ठावीस नाकारले, आणि एका फेब्रुवारीत भरल्या वर्गात एकोणतीस नाकारून तो जिवंतपणीच दंतकथा झाला.

"एकोणतीस म्हणजे काय?" त्या दिवशी स्वयंपाकघरात तो मला सांगत होता. "एकोणतीस म्हणजे तीस नाही, एवढंच. त्याला स्वतःचा अर्थच नाही."

"पास, हा अर्थ आहे की," मी म्हणालो.

"तू इंजिनिअर आहेस," तो म्हणाला. आमच्या घरात ही शिवी होती.

घर बोलोन्यातलं, सान व्हिताले दरवाजाजवळ, तिसऱ्या मजल्यावर. एका खोलीत मी, पूल आणि तुळया शिकणारा. दुसरीत एर्मेस आणि निव्हेस. दोघं एकाच वर्षी विभागात आले होते. निव्हेसने हाच विषय पहिल्या फटक्यात दिला, चोवीस मिळाले, "आभारी आहे बाई" म्हणून उठली, पदवी घेतली आणि खानावळींची मेनूकार्डं छापणाऱ्या छापखान्यात नोकरीला लागली. तिने चोवीस घेतले त्या संध्याकाळी एर्मेस सगळ्यांसमोर म्हणाला होता, "चोवीस हे गुण नाहीत, तापमान आहे." वाक्य विभागभर फिरलं. निव्हेसही तेव्हा हसली होती. पण निव्हेस हसली म्हणजे विसरली असं कधीच नसायचं.

एकदा सकाळी तिने फ्रिजवर चिठ्ठी लावली: "दूध संपलंय." खाली आडव्या पडलेल्या खोक्याचं छोटं चित्र. संध्याकाळी ती परत आली तेव्हा एर्मेस चिठ्ठीसमोर खुर्ची टाकून बसला होता.

"हे वाक्य बघ निव्हेस. वरून माहिती आहे, आतून हुकूम आहे. आणि खोकं आडवं का काढलंस? पडलेला सैनिक! दोष कुणाचा ते सांगायचं टाळून तू शोक पुढे केलायस. अप्रतिम आहे ग."

"दूध आणलंस?"

"अग, मी काय बोलतोय ते—"

"दूध, एर्मेस."

आणलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी कोरी कॉफी प्यायली. ती चिठ्ठी मात्र त्याने जपून ठेवली आणि पुढची दोन वर्षं नव्या मुलांना उदाहरण म्हणून दाखवली.

नव्या मुलांचा त्याच्यावर फार जीव. विभागासमोर कमानींखाली एक कॉफीचं दुकान होतं, तिथे त्याचा दरबार भरायचा. साखरेची पुडी उचलून तो तिच्यावर असा बोलायचा की ऐकणाऱ्याची कॉफी थंड व्हायची आणि साखर घालायची राहून जायची. नजर होती त्याच्याकडे, खोटं कशाला बोलू. उपयोग नव्हता, पण नजर होती. आणि या दरबारात ज्याला सगळ्यात जास्त मागणी होती तो म्हणजे त्याचा टोपणाचा सिद्धांत.

विषय शिकवायच्या इव्होने मालागुतीबाई. लहानखुऱ्या, पांढरे केस पुरुषासारखे कापलेले, आवाज मात्र बाजारात मासे विकावेत असा. त्यांच्याकडे एक काळं शाईपेन होतं. तोंडी परीक्षा आमच्याकडे सगळ्यांसमोर होते, कुणीही मागे बसून ऐकावी. एर्मेस बाईंच्या प्रत्येक परीक्षेला मागे बसून आला होता. त्यातून त्याने शोध लावला: आकडा सांगण्याआधी बाईंनी पेन उघडं ठेवलं, तर आकडा वरचा. समोरचा घेणारच, लगेच लिहायचं, मग झाकायचं कशाला? पण टोपण लावलं तर आकडा खालचा. म्हणजे आता नको-हो होणार, वेळ जाणार, शाई वाळू नये म्हणून टोपण.

"किती वेळा पडताळलंस?" मी विचारलं.

"इंजिनिअर!"

पण खरं सांगायचं तर सिद्धांत चुकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. मुलं परीक्षेला जाताना बाईंच्या तोंडाकडे बघत नसत, हाताकडे बघत.

मग त्या वसंतात कळलं की बाई उन्हाळ्यानंतर निवृत्त होणार. त्यांच्या जागी मिलानहून एक गृहस्थ येणार होते. चित्र बघताना माणसाची बुबुळं कुठे फिरतात ते यंत्राने मोजणारे. त्यांनी अभ्यासक्रम आधीच बदलून घेतला होता. जुन्या क्रमातला जो कुणी जुलैपर्यंत सुटणार नाही त्याने नव्यात यायचं, चार जादा विषय द्यायचे, प्रबंधही नव्या मार्गदर्शकाकडे पुन्हा लिहायचा. एर्मेसचा प्रबंध बाईंकडे कधीचा लिहून पडला होता. राहिला होता फक्त हा एक विषय, आणि जूनमधली ही एक खेप. ही गेली की सगळंच गेलं.

"या वेळी काय वाट्टेल ते मिळो, घ्यायचं," निव्हेसने बजावलं. ती इस्त्री करत होती, आणि इस्त्री हातात असताना तिच्याशी कुणी वाद घालत नसे.

"काय वाट्टेल ते म्हणजे?"

"अठरा."

एर्मेस असा पांढरा पडला की मी खुर्ची पुढे सरकवली.

"आयुष्यभर माझ्या नावापुढे अठरा दिसेल निव्हेस. लोक ते वाचतील."

"तुझ्या नावापुढे काय आहे हे बघणारा या जगात एकच माणूस आहे, आणि तो तू आहेस. मला त्रेंतोला नोकरी मिळतेय. सप्टेंबरात मी जाणार. तू पदवी घेऊन माझ्याबरोबर येतोस, की बुबुळं मोजत इथे बसतोस, ते ठरव."

त्याच संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला. ओरिएल्लाबाई तिकडे कोमाक्योला, खाडीकाठी राहायच्या. फोनवर बोलताना त्यांचा आवाज फोनशिवायही पोचला असता.

"बाळा, या वेळी नापास होऊ नकोस हं."

"आई, मी कधीच नापास झालेलो नाही. मी नाकारले."

"तेच ते. परवा औषधांच्या दुकानात विचारलं मला, पोरगा काय शिकतो? म्हटलं, चित्रं वाचतो. तर मेला म्हणतो कसा, मोठ्याने की मनातल्या मनात?"

एर्मेस अभ्यासाला लागला. खरोखर लागला. दरबार बंद केला, साखरेच्या पुड्या सोडून दिल्या. मे महिन्यात विभागाच्या दारावर एक सूचना लागली होती, तेवढ्यापुरता मात्र तो घसरला. सूचनेखाली हसऱ्या संगणकाचं चित्र होतं आणि तीन उद्गारचिन्हं. घरी येऊन त्याने आम्हाला जेवताना त्यावर व्याख्यान दिलं. रस्सा निवत होता आणि तो सांगत होता की यंत्राला तोंड काढलं की समजावं, सत्तेला स्वतःचं तोंड लपवायचंय; तीन उद्गारचिन्हं म्हणजे तीन शिपाई.

"पण सूचना कशाची आहे?" मी विचारलं.

"असेल काहीतरी कारकुनी," तो म्हणाला. "मजकूर कमकुवत होता."

परीक्षेच्या दिवशी वर्ग भरला होता. नकोबाची शेवटची परीक्षा, म्हणून पदवी घेऊन गेलेलेही आले होते. निव्हेस छापखान्यातून तासाभराची सुटी काढून आलेली, मी तिच्या शेजारी. बाई टेबलामागे, त्यांच्या बाजूला त्यांचा सहायक तुल्यो, नवा, घामाघूम, पुढ्यात संगणक. पहिला नंबर एर्मेसचाच होता. त्याने कडक शर्ट घातला होता. कॉलरला इस्त्रीचा वास अजून येत असेल.

बाईंनी पिशवीतून एक मोठा घडी केलेला कागद काढून त्याच्यापुढे पसरला. आमच्याकडे माणूस गेला की भिंतीवर पत्रक लावतात ना, तसलं. काळी चौकट, वर क्रॉस, मध्ये फोटो, खाली दोन ओळी. फोटोत टोपीवाला, गालफुग्या, मनापासून हसणारा म्हातारा. खाली: "दुःखद आघाताने आम्हाला सोडून गेले."

"बोला," बाई म्हणाल्या.

एर्मेसच्या उत्तरांना नेहमी नमनालाच घडाभर तेल लागायचं. त्या दिवशी तो सरळ बोलला.

"शोक ओळींमध्ये आहे, फोटोत नाही. फोटो हसतोय, म्हणजे तो या पत्रकासाठी काढलेला नाही, दुसरीकडून आणलाय. दुसरीकडून म्हणजे लग्नातून. कोटाच्या खिशात फूल आहे, ते पुसायचा प्रयत्न केलाय, पण पाकळी राहिलीय. आणि त्याच्या खांद्यावर बघा. बोटं. कुणीतरी खांद्यावर हात टाकून शेजारी उभं होतं, त्याला कात्रीने काढलंय, पण बोटं काढता आली नाहीत, नाहीतर खांदाही गेला असता. ओळीत म्हटलंय 'आम्हाला सोडून गेले'. हे 'आम्ही' कोण? ज्यांनी कात्री चालवली ते. बोटं ज्याची आहेत तो या 'आम्ही'त नाही. भिंतीजवळून जाणाऱ्या प्रत्येकाला एक माणूस गेल्याचं कळतं. पण या पत्रकातून दोन माणसं गेलीत."

निव्हेसने माझा दंड धरला. मला चिन्हांतलं काही कळत नाही, पण पूल उभा राहिला की मला कळतं. तो उभा राहिला होता.

बाई बराच वेळ पत्रकाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढला. तुल्योच्या कानात काहीतरी सांगितलं, त्याने दोन कळा दाबल्या. खिडकीकडे पाहिलं. आणि पेन उचललं, त्याला टोपण लावलं, पेन पिशवीत टाकलं.

एर्मेसचा चेहरा मी बाजूने पाहिला. डोळे पिशवीवर खिळले होते.

"बाई," तो उभा राहत म्हणाला, "मी नाकारतो."

"एर्मेस!" निव्हेस.

"काय नाकारताय तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"गुण."

"कुठले?"

"तुम्ही देणार आहात ते."

"आणि किती देणार आहे मी?"

"सत्तावीस," एर्मेस म्हणाला. "फार तर."

बाईंनी तुल्योचा संगणक वर्गाकडे फिरवला. पुढच्या बाकावरच्या मुलीने तोंडावर हात ठेवला. पडद्यावर तीस होते, आणि तीसच्या पुढे शाबासकीचा शब्द, जो बाईंनी त्या वर्षी कुणालाही दिला नव्हता.

"पण तुम्ही टोपण लावलंत," एर्मेस म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"कसलं टोपण?"

मग त्याने सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं. उघडं पेन, झाकलेलं पेन, शाई, वाळणं, सगळा सिद्धांत. मागची मुलं हसू दाबत होती, कारण तीही आयुष्यभर बाईंच्या हाताकडेच बघत आली होती.

"या महिन्यापासून पेनाने लिहायचं बंद झालंय," बाई म्हणाल्या. "सगळं या यंत्रात. दारावर सूचना होती. वाचली नाहीत?"

"वाचली," मी पुटपुटलो. "तीन शिपाई." निव्हेसने कोपर मारलं.

"आणि टोपण लावलं, कारण पेन पिशवीत गळतं. माझे दोन ब्लाउज गेले."

तुल्योने घाम पुसला. "बाई, इथे 'विद्यार्थ्याने नाकारले' असं बटण आहे. दाबू का? एकदा दाबलं की परत..."

त्याचं बोट बटणावर तरंगत होतं. दाबलं असतं तर बाई गेल्या, प्रबंध गेला, त्रेंतो गेलं. निव्हेसने माझा दंड सोडला आणि स्वतःची पर्स उचलून मांडीवर घेतली, उठायच्या तयारीत.

"थांबा," एर्मेस म्हणाला. "बाई, तुम्ही अजून काही दिलेलंच नाही. जे दिलं नाही ते नाकारता येत नाही."

बाईंनी भुवई उंचावली. "इतक्या वर्षांत हे तुमचं पहिलं वाक्य, जे मला एका दमात समजलं. बरोबर आहे. मी अजून काही दिलेलं नाही. तुल्यो, बोट काढ. आता देते."

बाईंनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. (निव्हेस पुढे म्हणायची, बाईंनी ते मुद्दाम केलं, वाचायला काही उरू नये म्हणून.)

"आज तुम्ही माझ्यासमोर दोन गोष्टी वाचल्यात झुफा. एक हे पत्रक. त्याला तीस, आणि जास्तीचे असते तर जास्तीचे. दुसरी मी. तेही याच परीक्षेत, याच लोकांसमोर, तोंडी. त्याला खरं तर शून्य, पण उन्हाळा आहे, मी चालले आहे, म्हणून अठरा. तीस आणि अठरा. सरासरी काढा."

काढायची गरज नव्हती. निव्हेसच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, शिंक आणि हसू यांच्या मधला.

"चोवीस," बाई म्हणाल्या. "स्वीकारता?"

वर्गातली सगळी नवी मुलं श्वास रोखून बसली. त्यांचा देव उभा होता. एकोणतीस लाथाडलेला माणूस. एर्मेसने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा बंद दुकानासारखा. हातांकडे पाहिलं, पालथे. मग त्याने मागे वळून निव्हेसकडे पाहिलं. तिच्या मांडीवर पर्स होती. ती मात्र त्याने बरोबर वाचली.

त्याने मान हलवली.

"मान नको," बाई गरजल्या. "मानेचा पुन्हा काहीही अर्थ निघेल. तोंडाने बोला."

"हो," एर्मेस म्हणाला. "स्वीकारतो. आभारी आहे बाई."

तुल्योने बटण दाबलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून निघूनच गेला. उपवासाच्या शुक्रवारी पाद्रीबुवांना सॉसेज खाताना पाहिल्यावर माणूस जसा निघून जाईल, तसा.

बाहेर कमानींखाली आम्ही तिघं उभे राहिलो. निव्हेसने हात बाहेर उन्हात धरला.

"छान आहे ग हवा आज," ती म्हणाली. "किती असेल रे एर्मेस?"

तो शर्टाची कॉलर सैल करू लागला.

"इंजिनिअर, तू सांग. तुला अंदाज असतो."

"चोवीस असेल," मी म्हणालो.

जुलैमध्ये त्याने प्रबंध दिला, बाईंनी कुरकुरत पास केला, आणि आम्ही त्याच्या डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट घालून त्याला चौकात उभं केलं. आमच्याकडे नव्या पदवीधराची टर उडवणारं पोस्टर मित्र काढतात आणि ते त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतात. अडखळला की वाइन पाजायची. पोस्टर मी काढलं होतं: पेनाच्या टोपणाचा तीन बाजूंनी आराखडा, मापांसकट. मजकूर निव्हेसचा, तो इथे लिहिण्यासारखा नाही. ओरिएल्लाबाई लोणच्यातली ईल मासळी मोठ्या बरणीत घेऊन आल्या होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला खिलवत होत्या.

"शेवटच्या विषयात किती पडले रे बाळा?"

"चोवीस."

"कितीपैकी?"

"तीस."

"अरे, मग बरेच की!" त्या म्हणाल्या. "मी तर ऐकलं होतं, अवघड विषय आहे."

राहिला होता शहराच्या मधोमध उभा असलेला तो जुना, उंच मनोरा. पदवीआधी जो वरच्या टोकापर्यंत चढेल त्याला पदवी मिळत नाही, हे बोलोन्यात प्रत्येकाला ठाऊक असतं. एर्मेस या समजुतीवर तासभर बोलू शकायचा, लोकांची भीती आणि उंची यांचं नातं वगैरे. पण इतक्या वर्षांत मनोऱ्याच्या दारापाशी गेला की तोही रस्ता ओलांडायचा. त्या संध्याकाळी निव्हेसने त्याला वर नेलं. मीही मागोमाग गेलो, कारण लाकडी जिन्याच्या तुळया मला बघायच्या होत्या.

वर पोचलो तेव्हा मुकुट त्याच्या कानावर आला होता आणि त्याला बोलायला श्वास नव्हता. बहुतेक म्हणूनच ते झालं.

"काय दिसतंय?" निव्हेसने विचारलं.

त्याने कठड्याला धरून खाली पाहिलं.

"छपरं," तो म्हणाला.

निव्हेसने त्याच्या खांद्यावर हात टाकला. आम्ही तिघं बराच वेळ छपरं बघत उभे होतो. लाल, विटकरी, मध्येच एखादं नवं.

मग त्याचा श्वास परत आला.

"पण बघ हं," तो म्हणाला, "हा लाल रंग मुळात कुणाला उद्देशून..."

निव्हेस तोवर अर्धा जिना उतरली होती.